रात्री जेवणानंतर

किसनरावांनी खटका खाली ओढला, गिरणी थांबली, आणि तो आवाज थांबला नाही. गिरणी तशी एकदम थांबत नाही. आधी आतली घरघर खाली बसते, मग पट्टा दोन-चारदा फटफट करतो, मग कापडी नळ्याच्या तोंडातून उरलंसुरलं पीठ सांडतं, आणि मग दुकानात अशी शांतता येते की रस्त्यावरच्या ऑटोचा हॉर्नसुद्धा दुसऱ्या गावातून आल्यासारखा वाटतो. त्या शांततेत तो बोलतच राहिला. "डबा बदलला आहे. हा आपला डबा नाही." स्वच्छ, सावकाश, रेडिओवर बातम्या देणाऱ्या माणसासारखा. गिरणी चालू होती तोवर मी तेच शब्द पट्ट्याच्या फटफटीत ऐकत होते आणि मनाला समजावत होते, की यंत्राच्या आवाजात माणसाला काहीही ऐकू येतं. माहेरी, वरवट बकालला, वावरातल्या इंजिनात आम्ही पोरी आपापली नावं ऐकायचो आणि खिदळायचो. पण आता यंत्र बंद होतं. मी होते, किसनराव होते, पिठाने पांढऱ्या झालेल्या भिंती होत्या, आणि तो होता.

"काय झालं वहिनी? डाळीत खडा होता का?" किसनरावांनी विचारलं. त्यांच्या पापण्यांवरही पीठ होतं.

"नाही हो."

"मंग घ्या ना. बेसन एक नंबर निघालं. लाडू कराले घेतलं ना? पोरगी चालली म्हणते नागपूरले."

"हो. गुरुवारी."

"मंग डब्याकडे काय पाहून राह्यल्या? तुमचाच हाय. झाकणावर सासूबाईचं नाव हाय ना."

झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेलं सासूबाईंचं नाव होतं, अन्नपूर्णा. लग्नात आलेला डबा, त्यांच्या. मी त्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. बोटाला नाव लागलं. "नाव नंतरही कोरता येते," तो म्हणाला.

मी डबा उचलला. बेसन अजून गरम होतं, पत्र्यातून कुशीला चटका लागत होता, आणि त्या चटक्याचा मला आधार वाटला. घर गिरणीपासून लांब नाही. बाजाराची गल्ली, मग औषधाची दोन दुकानं, मग शाळेची भिंत, मग आमचा चढ. श्रावणातलं बुलढाणा, मधूनच भुरभुर, मधूनच ऊन. मी पायाखाली बघत, मनात नाम घेत चालले. तो माझ्या डाव्या कानामागे होता. नेहमी डावीकडेच असायचा. अकरा वर्षांनंतरही जागा तीच होती, हे कळलं तेव्हा मला भीती वाटली. खरं सांगायचं तर आधी ओळख वाटली, मग भीती. बऱ्याच वर्षांनी माहेरच्या गल्लीतलं कुणी भेटावं आणि नकळत हसू यावं, मग आठवावं की या माणसाशी आपलं बोलणं बंद आहे, तसं.

तो शुद्ध बोलतो. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं, डॉक्टर मॅडमनाही नाही, कारण कुणी तसं विचारलं नव्हतं. आवाज पुरुषाचा की बाईचा, एक की अनेक, काय सांगतो, हे सगळं विचारतात. भाषा कुठली, हे विचारत नाहीत. आमच्याकडे घरात, गल्लीत, बसमध्ये सगळे आमचं वऱ्हाडी बोलतात. 'काऊन बसली', 'जेवून राह्यली का', 'मले नको सांगू'. मीही तेच बोलते. लिहायला बसले की हात आपोआप पुस्तकातलं लिहितो, पण तोंड वऱ्हाडीच. मला 'आपण' म्हणून आजवर कोण बोललं होतं? आणि पहाटे जपाला बसल्यावर, माळ अर्ध्यात असताना, डाव्या कानामागून कुणी 'आपण' म्हणालं तर तो कोण असेल? मी माझ्या मनाशी ठरवून टाकलं होतं. पडताळून पाहिलं नाही. अशा गोष्टी पडताळायच्या नसतात असं मला वाटलं, आणि खरं म्हणजे पडताळून पाहायची इच्छाही नव्हती. माझी लेक अर्पिता तेव्हा सात वर्षांची होती. एके दिवशी तो म्हणाला, "ही मुलगी आपली नाही. जिची आहे तिला परत करावी."

मी तिची वेणी घातली. निळा फ्रॉक घातला. मलकापूरच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली म्हणून ती खूश होती, घाटात प्रत्येक वळणावर माझ्या अंगावर मुद्दाम पडत होती. मलकापूरला स्टेशनवर मी तिला बाकावर बसवलं, हातात बिस्किटचा पुडा दिला, पाण्याची बाटली बाजूला ठेवली, आणि म्हटलं, येते. मग मी बाहेर आले आणि परतीच्या बसमध्ये बसले. मला वाईट वाटलं नव्हतं. ही गोष्ट मी अकरा वर्षं उलटून-पालटून बघते आहे आणि दरवेळी तिथेच येऊन अडते. रडू नाही, छाती धडधडणं नाही. देवावरचं निर्माल्य उचलताना हात जसा हलका असतो, तसा हात हलका होता. तीन तास पोर तिथे बसली. चहा विकणाऱ्या एका बाईने तिला जवळ घेतलं, मग एसटीच्या कुणीतरी ओळखलं, अरे ही तर राजकुमारची पोरगी. हे कंडक्टर, त्यामुळे प्रत्येक डेपोत यांची माणसं. हे धावत गेले. मला दवाखान्यात नेलं. त्या दिवसापासून मी एकच गोष्ट मागत आले, की माझा हात पुन्हा असा हलका होऊ नये.

गोळ्यांनी तो गेला. दोन महिन्यांत आधी लांब गेला, मग भिंतीपलीकडे, मग एका सकाळी लक्षात आलं की कालपासून तो नाही. वजन वाढलं, तोंडाला कोरड पडायची, दुपारी डोळे मिटायचे. मग मॅडमनी औषध बदललं आणि तेही निभावलं. पण त्याच्याबरोबर आणखी काहीतरी गेलं ते आलं नाही. जपाला बसलं की विहिरीत बादली सोडत राहावं आणि पाण्याला लागल्याचा आवाजच येऊ नये, तसं व्हायचं. तरी मी नेम मोडला नाही. पहाटेचा दिवा, तुळशीला पाणी, अकरा माळा. नेम आवडीसाठी नसतो, वेळेसाठी असतो, असं स्वतःला सांगत आले. हे कधी म्हणायचे, "मंजू, तुया देव ड्युटीवर हाय का सुट्टीवर?" आणि मी हसायचे. सुट्टीवर, हे उत्तर मला ठाऊक होतं.

घरी आले तेव्हा अर्पिता फोनवर मैत्रिणीशी बोलत होती. तिचा नंबर नागपूरला लागला आहे, ढोरांच्या डॉक्टरकीला. हे सगळ्या डेपोला सांगत सुटले, "माणसाईचे डॉक्टर लय झाले, ढोराईलेच कोणी नाही." गुरुवारी सकाळी मलकापूरहून गाडी. शुक्रवारी कॉलेजात हजर व्हायचं, नाहीतर जागा जाते. मी डबा ओट्यावर ठेवला. तिने फोन कानावरच ठेवून माझ्याकडे पाहिलं. ही तिची सवय आहे. मी बाहेरून आले, झोपेतून उठले, बाथरूममधून निघाले, की ती एक क्षण माझ्या तोंडाकडे बघते. सात वर्षांची होती तेव्हापासून. पाऊस येतो का म्हणून माणसं खिडकीतून आभाळाकडे बघतात, तसं. मी हसले. ती परत फोनवर बोलू लागली.

मागच्याच आठवड्यात, सकाळी चहा घेताना ती बापाला म्हणाली होती, "बाबा, आईचं जरा जरी काही वाटलं ना, तर मी नाही जाणार. इथंच बीएससी करीन."

"काही वाटत नाही तिले. अकरा वर्ष झाले."

"मी वाटलं तर म्हणते."

"तू जाय. तुया आईले मी पाह्यतो."

"तुम्ही कवा पाह्यता? चार दिवस मुक्कामी गाडीवर असता."

मी पोहे वाढत होते. दोघांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हटलं, "मले काय होते?" तेव्हा मला आठ दिवसांपासून जपात काहीतरी ऐकू येऊ लागलं होतं. शब्द नव्हते. कुणीतरी शेजारी बसून श्वास घेतो आहे, इतकंच. बादली पाण्याला लागली होती. मी ते कुणाला सांगितलं नाही. पहाटे माळ हातात घेऊन मी त्याची वाट पाहत होते, हेही नाही.

त्या दिवशी, गिरणीतून आल्यावर, मी देव्हाऱ्याखालचं कपाट उघडलं. गोळ्या एका जुन्या चहाच्या डब्यात असतात. बाजूला माझी नणंद पुष्पांजली हिने दिलेला पावडरचा मोठा डबा. मी गोळ्यांचा डबा उघडला आणि भरलेली पाकिटं बाहेर काढली. एक, दोन, तीन, सगळी शाबूत. वरच्या चिठ्ठीवर यांच्या तिरप्या अक्षरात, दवाखान्यातून आल्या आल्या लिहिलेलं, 'रात्री जेवणानंतर १'. मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. आषाढीपासून मी एकभुक्त आहे. अर्पिताचा नंबर लागू दे म्हणून चातुर्मासभर दिवसातून एकदाच, दुपारी जेवायचं, असा नेम घेतला. संध्याकाळी फक्त दूध. रात्री जेवणच नाही, तर जेवणानंतरचं काही कसं असेल? पहिल्या दिवशी मी असा विचार केला होता का, ते मला आठवत नाही. ताट घेतलं नाही, म्हणून ताटानंतर जे जे होतं, पाणी पिणं, ओटा पुसणं, गोळी, त्यातलं काहीच झालं नाही. मी गोळी सोडली नव्हती. मी जेवण सोडलं होतं.

असं म्हणते खरी. पण त्या कपाटापुढे बसल्यावर मला स्वतःचा भरवसा वाटेना. नेम कितीतरी प्रकारचे असतात. मीठ सोडता येतं, गोड सोडता येतं, पानावर जेवता येतं, मौन धरता येतं. मागच्या वर्षी मी वांगं सोडलं होतं. या वर्षी एकभुक्तच का सुचलं? दशमीच्या दिवशी तुळशीपुढे उभी होते तेव्हा मनात दुसरं काही होतं का, अगदी खाली, मलाही न दिसणारं? लेकीसाठी नेम घेते असं म्हणत मी त्याच्यासाठी दार किलकिलं ठेवलं का? माणूस स्वतःशी खोटं बोलतो तेव्हा ते कोण ऐकतं? मी डबा बंद केला. "आपण काहीही चुकीचे केलेले नाही," तो म्हणाला, आणि त्याने असं म्हणताच मला कळलं की चूक झाली आहे.

पावडरचं म्हणाल तर पुष्पांजलीचा हेतू वाईट नव्हता. तिचं मलकापूरला घरीच सेंटर आहे, सकाळी बायका येतात, शेक पितात, वजन करतात, टाळ्या वाजवतात. जुलैत ती डबा घेऊन आली. "वहिनी, यात सगळं हाय. प्रोटीन, व्हिटॅमिन, एकवीस परकारचे. त्या गोळ्या काय, किडनी खाते. हे नॅचरल."

"मॅडमनी व्हिटॅमिन दिलेच हाय मले. बी-ट्वेल, डी. रक्तात कमी होतं."

"ते सरकारी. हे वेगळं."

"एकभुक्ताले चालते का?"

"पाण्यासारखं पेय हाय वं. याले जेवण कोण म्हणते? आमच्याकडं एकादशीले बायका घेते." मग माझ्या दंडाला चिमटा काढत, "पाह्य, चातुर्मास सरेपर्यंत तू अर्पिताची बहीण दिसते का नाही."

मला ते बरं वाटलं होतं. रात्री दुधात दोन चमचे. पेला हातात घेतला की वाटायचं, काहीतरी घेते आहे आपण, तब्येतीचंच आहे. रिकाम्या जागेत काहीतरी ठेवलं की जागा रिकामी दिसत नाही. एकदा मॅडमनी मला माशाच्या तेलाच्या कॅप्सूल लिहिल्या होत्या. गळ्यात माळ, मी नाही म्हटलं, तर त्या हसून म्हणाल्या, मग जवसाची चटणी खा रोज. मी तेव्हापासून खाते. विचारलं म्हणून वाट निघाली. यावेळी मी विचारलंच नाही. नेम सांगायचा नसतो, सांगितला की त्यातलं अर्धं जातं, असं आई म्हणायची.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता, मॅडमचा वार. मी देवळात जाते असं सांगून निघाले. खोटं बोलले. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसले तर तो जोरात बोलू लागला. "येथे येण्याची आवश्यकता नव्हती. आपले आणि माझे व्यवस्थित चालले होते." समोर एक म्हातारा पिशवीतून केस-पेपर काढून पुन्हा पुन्हा घडी घालत होता. त्याच्या बायकोच्या हातात केळी होती. मी त्या केळ्यांकडे बघत राहिले. पिवळं, काळे ठिपके, देठाशी हिरवं. जे दिसतं ते धरून ठेवायचं, असं मला समताताईंनीच शिकवलं होतं. समताताई तिथल्या सिस्टर. पहिल्या दिवसापासून माझी फाइल त्याच काढतात. त्यांनी मला पाहिलं आणि नंबर नसताना आत घेतलं.

"काय झालं ताई? तुमची तारीख तर पुढच्या महिन्यातली हाय."

"असंच. जरा झोप नाही लागून राह्यली."

"गोळी चालू हाय?"

"चालू हाय," मी म्हटलं, आणि त्याच दमात, "म्हणजे जेवणानंतरची ना, तर रात्री जेवण नाही होत. चातुर्मास हाय."

आमच्या गल्लीत कुणीही या वाक्यावर मान डोलावली असती. विषय संपला असता. समताताईंच्या घरी हे काही नसतं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"उपासतापासाचं मले काही कळत नाही ताई, मले नीट सांगा. चातुर्मास म्हणजे किती दिवस?"

"चार महिने."

"चार महिने रात्री जेवत नाही तुम्ही?"

"एकभुक्त म्हणते त्याले. दुपारी एकदा."

"मंग रात्रीची गोळी?"

त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं. मग माझ्याकडे. अर्पिता बघते तसंच, पण यांच्या नजरेत भीती नव्हती. "येऊन राह्यला का तो?" त्यांनी हळूच विचारलं. शेजारच्याची चौकशी करावी तसं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी मान हलवली.

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ही गोळी पोटात पुरेसं जेवण असल्याशिवाय लागूच होत नाही, म्हणून जेवणानंतर लिहितो, उगीच नाही. दुधाच्या पेल्यावर घेतली असती तरी फारसा उपयोग झाला नसता. पावडर घ्यायची तर घ्या, व्हिटॅमिन घेताच आहात, पण यातलं काहीही गोळीच्या जागी बसत नाही. मग त्यांनी कागद ओढला, 'रात्री' हा शब्द खोडला, वर 'दुपारी' लिहिलं. सुरुवातीला अर्धी. पुढच्या मंगळवारी यायचं. एवढंच. मी त्या खोडलेल्या शब्दाकडे बघत राहिले. नेमही राहणार होता, गोळीही राहणार होती. एका शब्दाचा बदल, आणि मी तो सव्वा महिना मागायला आले नव्हते.

"घरी कोणाला सांगितलं?" मॅडमनी विचारलं.

"हे मुक्कामी ड्युटीवर आहेत. उद्या रात्री येतात."

"घरात मुलगी आहे ना? एकाला तरी आज-उद्यात कळायला हवं. तुम्ही एकट्या नको. तुम्ही सांगाल की मी फोन करू?"

"मी सांगते," मी म्हटलं.

सांगितलं तर ती जाणार नाही. हे मला व्हरांड्यातच कळलं होतं. दिवसभर मी ते तोंडात घेऊन फिरले. संध्याकाळी बेसन भाजलं. तुपात बेसन सैल होतं, रंग बदलतो, वास घरभर जातो, तोवर ढवळत राहावं लागतं, आणि ढवळताना मी वाक्य जुळवत होते. अर्पू, घाबरू नको. अर्पू, आधीसारखं नाही. बाजूला बसून ती लाडू वळत होती, एक मोठा, एक लहान, आणि सांगत होती की होस्टेलच्या खोलीत तिघी असणार, त्यातली एक वाशिमची आहे आणि रात्रभर घोरते असं तिनेच आधी कळवलंय. मी हसले. वाक्य गिळलं. सांगितलं नाही तर ती निघून जाईल, हे महिन्यातले वीस दिवस बाहेर, आणि या घरात मी आणि तो. "ती गेली की आपल्याला निवांत बोलता येईल," तो म्हणाला. त्याच्या आवाजात घाई नव्हती. त्याला सगळं ठाऊक असल्यासारखं. तिने जावं असं मलाही वाटत होतं. यांना वाटत होतं, पुष्पांजलीला, किसनरावांना, सगळ्या गल्लीला वाटत होतं. आणि त्यालाही वाटत होतं. आता मी जर 'जा' म्हटलं तर ते कुणाचं जा? अकरा वर्षांपूर्वी 'येते' म्हटलं होतं तेव्हा तो शब्द माझ्याच तोंडातून निघाला होता.

बुधवारी दुपारी मी दोघींची ताटं वाढली. वरण, भात, दोडक्याची भाजी, जवसाची चटणी. माझं जेवण झाल्यावर मी पदराखालून अर्धी गोळी काढली आणि तिच्यादेखत घेतली. तिचा घास हातात राहिला.

"दुपारी काऊन?"

"अर्पू," मी म्हटलं, "मले पुन्हा ऐकू येऊन राह्यलं." जुळवलेल्या वाक्यांपैकी हे एकही नव्हतं.

तिने ताट बाजूला सारलं. मग मी सगळं सांगितलं, एकभुक्त, चिठ्ठी, पाकिटं, कालचा दवाखाना. सांगताना माझी बोटं ताटाच्या काठावरून फिरत होती. तिचे डोळे भरले आणि मग रागाने कोरडे झाले.

"माह्यासाठी नेम? मी म्हतलं होतं का तुले?"

"नाही."

"अन् देवळात चालली म्हणून सांगतलं काल."

"हाव."

"मंग मी नाही जात. बाबाले फोन करते."

"थांब."

"आता बोलून राह्यला का?" तिने विचारलं. इतक्या वर्षांत तिने त्याच्याबद्दल मला पहिल्यांदा काही विचारलं होतं.

"हाव."

"काय म्हणते?"

"तुले जाऊ दे म्हणते." मग मी नेमकं सांगितलं, कारण अर्धवट सांगण्यात आता अर्थ नव्हता. "'तिने जावे हेच उचित', असं."

अर्पिताच्या भुवया वर गेल्या. "उचित?"

"तो शुद्ध बोलते."

"शुद्ध?" ती बघत राहिली, आणि तिला हसू फुटलं, नको असताना, नाकातून पाणी येईल असं. "म्हणजे पुण्याचा हाय का तो? अकरा वर्षांपासून आपल्या घरात पुण्याचा माणूस राहून राह्यला अन् कोणाले पत्ता नाही?"

मलाही हसू आलं. त्याच्यावर कुणी हसू शकतं हे मला कधी सुचलं नव्हतं. तो गप्प झाला नाही, पण त्याचं बोलणं क्षणभर मागे पडलं, रस्त्यावरून वरात जाताना रेडिओ मागे पडतो तसं. मग हसू संपलं. तिने दोन्ही हातांनी डोळे पुसले, भाताच्या हातानेच, आणि म्हणाली, "ते जाऊ दे. बाबा काय म्हणते ते मले माहीत हाय. तो काय म्हणते तेही समजलं. तू काय म्हणते?"

मी आत शोधू लागले. वर वर सगळं 'जा' होतं, समजूतदार, रांगेत ठेवलेलं. तिचं शिक्षण, तिचं आयुष्य, आईने वाटेत येऊ नये, शहाण्या बाया असंच म्हणतात. पण ते सगळं त्याच्यासारखंच नीटनेटकं होतं, आणि मला त्याची आणि माझी वाक्यं वेगळी करता येईनात. मी आणखी खाली गेले. गोळ्यांच्या खाली, नेमांच्या खाली, तुळशीपुढच्या त्या दशमीच्याही खाली. तिथे एक बाई मलकापूरहून परतीच्या बसमध्ये बसली होती. तिचा हात हलका होता, ती घाट चढत होती, आणि तिच्या अगदी तळाशी काहीतरी ओरडत होतं, जे तिला तेव्हा ऐकू आलं नव्हतं. इतक्या वर्षांनी ते मला ऐकू आलं. ते लहान होतं, हट्टी होतं, त्यात काही शहाणपण नव्हतं, आणि ते आमच्या भाषेत होतं.

"नको जाऊ वं माय," मी म्हटलं. "मले सोडून नको जाऊ."

माझे हात जड झाले होते. इतके जड की ताटावरून उचलता येईनात. मला लाज वाटली. लेकीच्या पायात असा दोर टाकणारी आई मला कधी व्हायचं नव्हतं. आता ती राहील, असं मला वाटलं, आणि ते वाटताना आत कुठेतरी आनंद झाला, त्याचीही लाज वाटली.

अर्पिता माझ्या तोंडाकडे बघत होती. नेहमीसारखं एक क्षण नाही, खूप वेळ. बाहेर कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला. मग तिचे खांदे खाली आले.

"हे तू बोलली," ती म्हणाली.

"हाव."

"तोंड पाह्यलं तुवं मी. हे तूच बोलली." तिने माझं ताट उचललं, त्यावर आपलं ठेवलं. "मंग जाते मी."

"काय?"

"जाते म्हतलं. तू हायेस घरात, तर जाते." तिचा आवाज फाटला आणि तिने तो परत जुळवला. "आज रात्री बाबा आले की त्याईले सांगायचं, मी बसते बाजूले, पण तू सांगायचं. उद्या आत्याले म्हणजो मंगळवारपर्यंत येऊन राह्य, पावडरसहित ये म्हणा. समताताईचा नंबर मले दे. अन् रोज दुपारी जेवली की व्हिडिओ कॉल. ताट दाखव, मंग गोळी, मंग जीभ. ढोराईले औषध कसं पाजते ते शिकालेच चालली मी, मले फसवता येणार नाही."

"अन् नाही दाखवली तर?"

"तर येते पहिल्या गाडीनं. अन् त्या पुणेकराले शिव्या देते, आपल्या भाषेत."

ती उठली, हात धुऊन आली आणि कोपऱ्यातली बॅग मध्ये ओढून घेतली. लाडवांचा डबा आत बसेना म्हणून तिने कपडे काढून पुन्हा रचले, वर टॉवेल दाबला. तो अजून बोलत होता. कदाचित महिनाभर बोलेल, कदाचित जास्त, आणि तो गेला की जपातलं पाणीही पुन्हा आटेल, हे मला ठाऊक होतं. त्याने काहीतरी म्हटलं, पूर्ण, व्याकरणशुद्ध वाक्य. मी ते ऐकलं. अर्पिता चेन ओढत होती आणि चेन अर्ध्यात अडली होती.

"आई, धर वं इकून," ती म्हणाली. "जोरात धर, नाही तर बंद होत नाही."

मी गुडघ्यावर बसले आणि बॅगेच्या दोन्ही कडा जोर लावून एकत्र धरल्या.